खिशातले हात

“बाई, हात.”

मदतनीस मावशी दारातूनच म्हणाली, तसा बालवाडीच्या बाईंनी पुढे झालेला हात निमूट मागे घेतला आणि एप्रनच्या खिशात घातला. त्या एप्रनला दोन ऐसपैस खिसे त्यांनी स्वतःच शिवले होते. त्यांत ना रुमाल, ना किल्ली. खिसे फक्त हातांसाठी. पोर बुटाशी झटापट करत असलं, पाणी ओतताना सांडत असलं, की मोठ्या माणसाचे हात आपोआप पुढे जातात. बाईंचेही जायचे. म्हणून ही सोय, आणि वर मावशीचा पहारा.

“आमची आई काहीच न करण्याचा पगार घेते,” मुलगा घरी आल्यागेल्याला सांगायचा. बाईही हसायच्या. काहीच न करण्याने संध्याकाळी खांदे भरून येतात, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

ही खोली मांडायच्या आधी त्या तिच्यातून गुडघ्यांवर रांगत फिरल्या होत्या. मग कपाटांचे पाय कापून घेतले, दारं काढून टाकली. पोरांच्या हाताला येतील अशी डब्यांची झाकणं, लाकडी चमचे, दोऱ्यांची रिकामी रिळं, जुनी चाळणी, कापडाचे तुकडे. कोणी काय घ्यावं आणि त्याचं काय करावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. “भंगारवाल्याचं दुकान नुसतं,” मावशी म्हणायची, आणि रोज झाकण न् झाकण पुसून जागेवर ठेवायची.

त्या दुकानातलं सगळ्यांत चिवट गिऱ्हाईक म्हणजे मुंगी. चार वर्षांची. नाव मावशीनेच पाडलेलं, कारण आल्यापासून ती काही ना काही इथून तिथे नेत असायची. बोलायची अगदी थोडं. सध्या तिचं रस्त्याचं काम चालू होतं. खिडकीशी एक बुटकं बाक, दाराकडे दुसरं. झाकणाला झाकण लावत रस्ता पहिल्या बाकाच्या टोकापर्यंत यायचा आणि दोन बाकांमधल्या फटीत कोसळायचा. मुंगीने चमचा आडवा घातला, तो पुरला नाही. रिबन घातली, ती लोंबली. रिळावर रीळ रचून खांब केला, तो कलंडला. पडलं की ती ओणवी होऊन फटीत बघायची, स्वतःशीच ‘हुं’ करायची आणि पुन्हा सामान आणायला निघायची. रडणं नाही, रुसणं नाही. बाईंचा मात्र जीव त्या फटीत अडकलेला.

पुरेल एवढी फळी खालच्या खणात होती. मुंगीला ती अजून दिसली नव्हती.

“उद्या दिसेल,” बाई म्हणायच्या.

“मला तर आत्ताच ओरडून सांगावंसं वाटतं,” मावशी म्हणायची.

त्या दिवशी शाळेची समिती यायची होती. शेजारच्या शाळेतली पोरं शंभरपर्यंत अंक म्हणतात आणि आपली झाकणं मांडतात, अशी पालकांची तक्रार होती. खोली अशीच ठेवायची, की हा पसारा काढून डेस्क आणि फळा आणायचा, ते आज ठरणार होतं. बाईंना सकाळपासून पाणीदेखील गोड लागलं नव्हतं.

समितीचे तिघे आले, भिंतीला टेकून उभे राहिले. मावशी त्यांच्या चहाला गेली. नेमकं त्याच वेळी मुंगीचं झाकण फटीत पडलं. तिने उचलून लावलं. पुन्हा पडलं.

“ही किती वेळ हेच करतेय?” अध्यक्षांनी विचारलं.

“विचार करतेय ती,” बाई म्हणाल्या.

“विचार.” अध्यक्ष शेजारच्यांकडे वळले. “आपल्या ऑफिसातही आहेत की असे विचारवंत.”

बाकीचे दोघे हसले. एकाने घड्याळ पाहिलं. झाकण पुन्हा पडलं आणि घरंगळत अध्यक्षांच्या बुटाशी जाऊन थांबलं.

बाईंनी खणातून फळी काढली आणि दोन बाकांवर आडवी टाकली. पटापट झाकणं लावली. रस्ता पलीकडे गेला.

“अरे वा, पूल झाला की,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. “हे पालकांना दाखवा. खोली राहू द्या अशीच.”

मुंगीने फळीकडे पाहिलं. मग बाईंच्या हातांकडे. ‘हुं’ केलं नाही. हातातलं झाकण तिने कपाटात नेऊन जागेवर ठेवून दिलं.

पाहुणे चहा पिऊन गेल्यावर मावशी कप गोळा करू लागली. “खोली राहिली ना? मग तोंड असं सुतकी का?”

“पूल मी केला.”

मावशीने कप उचलले आणि ती मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लवकर येऊन फळी खणात आत सरकवली. झाकणं खिडकीशी आणून ठेवली. बाकं होती तशी लावली, मध्ये तेवढीच फट. मुंगी आली. एक झाकण उचलून ती सरळ बाईंपाशी आली आणि तिने ते पुढे केलं.

“तू कर.”

“रस्ता तुझा आहे ना, राणी?”

“तुला येतो.”

बाई खाली बसल्या आणि त्यांनी हात खिशात घातले. “बघ बरं, तुला काय सुचतं.”

“बाई...” दारातून मावशी सवयीने म्हणाली आणि थांबली. हात तर खिशातच होते.

मुंगीने थोडी वाट पाहिली. मग झाकण बाईंच्या मांडीवर ठेवून ती शेजारी बसली. तिच्या फ्रॉकला पुढे एकच चिमुकला खिसा होता. बाईंकडे बघत तिने त्यात दोन्ही हात कसेबसे कोंबले.

समोर बाकांमधली फट तशीच होती. दोघी तिच्याकडे बघत बसून राहिल्या.