पुढचा प्रश्न

"मिस गावडे, मागच्या वर्षी तुम्हाला मुलाखतीचा कॉल आला होता. तुम्ही गेला नाहीत. का?"

मेघनाचा डावा डोळा लाल झाला होता. त्यातलं पाणी गालावर आलं होतं, पण तिने ते पुसलं नाही. मुलाखतीत हात मांडीवरून हलवायचे नाहीत, असं कर्णिक सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी तिच्या मागे, थोडा डावीकडे, भिंतीला लागून स्टुलावर बसलो होतो. सरांचा क्लास म्हणजे दादरला त्यांच्या राहत्या घरातली पुढची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर विमानांचे फोटो. सर हवाई दलातून निवृत्त झालेले, आता तिथल्या भरतीच्या मुलाखतीचा सराव करून घेत. वय झालं तरी पाठ सरळ. त्यांची एक पद्धत होती. मुलाखतीला निघायच्या आधीच्या रविवारी उमेदवाराने घरातलं एक माणूस बरोबर आणायचं. त्या माणसाने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "घरचं माणूस पाठीशी बसलं की पोरं कमी खोटं बोलतात," असं ते म्हणत. बहुतेकांच्या आया येतात. मेघनाबरोबर मी, तिचा बाप, गेलो.

"आई आजारी होती, सर," मेघना म्हणाली.

"ते कारण झालं. न जाण्याचा निर्णय कोणाचा?"

"माझा, सर."

"आईचं काय म्हणणं होतं?"

तिची मान मला मागून दिसत होती. कॉलरच्या कडेने कातडी लालभडक झाली होती. ती खांदा जरासा उचलून मान कॉलरपासून दूर ठेवायला बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी लालबागला मिरची कांडपाच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर मसाल्यात हात असतो. शर्टाची इस्त्री आदल्या रात्री मीच केली होती. आंघोळ करून केली होती, साबण दोनदा लावला होता. पण मिरची बोटांच्या चिरांत राहते, पाण्याने जात नाही. इस्त्रीच्या वाफेने ती कॉलरमध्ये उतरली असणार. आणि मेघनाने कॉलर सारखी करून तोच हात डोळ्याला लावला असणार.

मी स्टुलावरून अर्धा उठलो. सरांनी माझ्याकडे न बघता हाताने खाली बसवलं.

"मिस गावडे, मी वाट बघतोय."

मेघनाने श्वास घेतला. "आई म्हणाली, तू जा. मी म्हटलं, नाही जाणार. ती म्हणाली, मी मेले तरी मागे फिरू नकोस, पण जा. मी गेले नाही, सर. कॉलची तारीख निघून गेली, त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही."

"शेवटपर्यंत?"

"एकदा बोलली. पाणी मागितलं."

मला हे माहीत नव्हतं. लतिका, माझी बायको, हॉस्पिटलात होती तेव्हा मी रात्री तिच्याजवळ असायचो आणि मेघना दिवसा. सकाळी मी निघताना दोघी गप्प असायच्या. मला वाटायचं, दमल्यात.

सरांनी टेबलावरचं पाणी मेघनापुढे सरकवलं. "मंडळापुढे हेच सांगायचं. एवढंच. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, वाक्य मात्र पुरं करायचं. ते तुमच्या आईची चौकशी करत नसतात. वर हवेत तुमच्या हातून चूक झाली, तर रेडिओवर खरं सांगाल की लपवाल, एवढंच त्यांना बघायचं असतं. लपवणारा वैमानिक स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो." मग ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "गावडे, पायलटची मशीनवरची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, ठाऊक आहे ना? नापास झाली तर तो दरवाजा कायमचा बंद. तुमची पोरगी त्या मशीनला घाबरत नाही. ह्या एका प्रश्नाला घाबरत होती."

मी मान हलवली. बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं. लहान असताना ही पोरगी जत्रेतल्या पाळण्यात बसायला घाबरायची. आता माझ्यासमोर खुर्चीवर ताठ बसून, मान भाजत असताना, ज्याचा विषय आम्ही दोघांनी वर्षभर घरात काढला नाही ते एका परक्या माणसाला सांगत होती. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. ही मी वाढवलेली, हे खरं वाटेना.

जिन्यात आल्यावर तिने आधी कॉलरचं बटण काढलं.

"बाबा, शर्टाला इस्त्री कोणी केली?"

"मी."

"हात धुतले होते?"

"आंघोळ करून केली गं."

"आई तुम्हाला धुतलेल्या कपड्यांना हात लावू द्यायची नाही, ती काय वेडी होती?"

लतिका मला दुकानातून आल्यावर आधी हाताला खोबरेल चोळायला लावायची, मग डाळीचं पीठ, मग साबण. माझा टॉवेल वेगळा, माझी खुंटी वेगळी. ते सगळं ती करून घ्यायची म्हणून व्हायचं. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा.

खाली नळावर मेघनाने मान धुतली, डोळ्यांवर पाणी मारलं. मी रुमाल पुढे केला.

"नको! तो तर नकोच," ती म्हणाली आणि हसायला लागली. मलाही हसू आलं.

"सरांना वाटलं तू रडतेयस," मी म्हटलं.

"रडतच होते."

"मग मिरची?"

"मिरची पण होती."

आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. ती ग्लास हातात धरून रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आई रागातच गेली ना, बाबा?"

नाही म्हणावंसं वाटलं. आई रात्री मला म्हणाली होती की पोरगी थांबली ते बरं झालं, असं सांगून टाकावं, कोण विचारायला येणार आहे. पण लतिका मला तसं काही म्हणाली नव्हती. रात्री ती बहुतेक झोपलेली असायची, नाहीतर छताकडे बघत असायची.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला ती काही बोलली नाही."

मेघनाने मान हलवली. चहा संपवला. "बरं झालं खरं बोललात. खोटं बोलला असतात तर मला कळलं असतं."

तिला हे विमानाचं वेड लागलं ते एनसीसीत. कॉलेजात असताना एकदा छोट्या विमानातून वर नेलं होतं. घरी येऊन ती सांगत होती आणि लतिका भाकरी थापायची थांबून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "आपली चाळ दिसली?" मेघना म्हणाली, "अगं, पुण्याकडे होते मी." लतिका म्हणाली, "मग नीट बघितलंच नाहीस तू." त्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी मेघनाच्या ताटात जायला लागली. तोवर ती माझी असायची.

निघायच्या दिवशी संध्याकाळी चाळ आमच्या दारात जमली. शेजारच्या कमलाबाईंनी मेघनाचे सगळे शर्ट पुन्हा धुऊन इस्त्री करून आणले होते. "जयवंत भावोजी, ती बॅग तिथे ठेवलीय ना, तिच्या चार हात लांब राहायचं तुम्ही," त्या मला सगळ्यांसमोर म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरचा धोंडू नेहमीसारखा चौकटीला टेकून उभा होता. "मेघना, लालबागवरून गेलीस की खाली बघून हॉर्न मार गो."

"विमानाला हॉर्न नसतो, धोंडूकाका."

"नसतो? मग वरची माणसं बाजूला कशी होतात?"

"वर माणसं नसतात, काका."

"आयला, मग चालवायला किती सोपं! मुंबईत रिक्षा चालवून दाखव म्हणावं त्यांना."

सगळे हसले. मग कुशाबा पुढे आले. चाळीतले सगळ्यांत म्हातारे. आमच्याकडे घरातलं कोणी मोठ्या कामाला निघालं की गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवायचा, वडीलधाऱ्याने देवाला सगळं बोलून सांगायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला होकार द्यायचा. कुशाबांनी टोपी नीट केली, हात जोडले.

"बा देवा गणराया, बा रवळनाथा, गावच्या बारा-पाचाच्या म्हाराजा! आज ह्या जयवंताचा चेडू लांबच्या कामाक निघाला हा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या वाटेत काय इडापिडा आसात, काय कोणाची वाकडी नजर आसात, ती दूर कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

कुशाबा थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "जयवंता, आता घरच्या पूर्वजांका हाक मारूची. नावां तू घे. ती घरच्यान घेवची आसतत."

मी हात जोडले. माझ्या आजोबांचं नाव घेतलं. वडिलांचं, आईचं. काकांचं घेतलं. मग थांबलो.

"आणि?" कुशाबा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर्षश्राद्ध झाला ना रे? मग ती आता त्यांच्यातच."

वर्षश्राद्ध मीच केलं होतं. भटजींनी सांगितलं ते सगळं केलं होतं, पिंडाला नमस्कार केला होता. पण तिचं नाव आजोबा-पणजोबांच्या रांगेत मी स्वतःच्या तोंडाने कधी घेतलं नव्हतं. दुकानात कोणी विचारलं तर 'घरी बरं नसतं तिला' असं माझ्या तोंडून अजून निघून जायचं. दारात एवढी माणसं उभी होती, कोणी हलत नव्हतं. धोंडूसुद्धा चौकटीपासून सरळ झाला होता. मेघना माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर नारळाकडे बघत होती. मला तिची दादरची खुर्ची आठवली. वाक्य मात्र पुरं करायचं.

"आणि लतिका," मी म्हटलं. "तू पण आता त्यांच्यात आहेस. पोरगी निघालीय. तुझ्या मनात राग असेल तर माझ्यावर ठेव. तिच्या पाठीशी उभी राहा."

मालवणीत बोलायचं असतं, पण मी लतिकाशी कधी मालवणी बोललो नव्हतो. ती गिरगावातली.

मग पहिला आवाज मेघनाचा आला. एकटीचा, पूर्ण, कुठेही न तुटलेला.

"व्हय म्हाराजा."

तिच्यामागून सगळी चाळ म्हणाली.

ती गेल्यावर दुकानात मसाल्याचा हंगाम जोरात होता. गल्लीत बायकांची रांग. प्रत्येकीच्या पिशवीत घरी भाजलेली मिरची, धणे, खोबरं. आमच्याकडे बायका माल टाकून जात नाहीत. आपलं कांडप होईपर्यंत यंत्रासमोर उभ्या राहतात, दुसरीची मिरची आपल्यात मिसळू नये म्हणून. मेघना गेली होती तिथे मुलांचे फोन काढून घेतात, त्यामुळे तिचा पोचल्याचा फोन आला तेवढाच. मी रोज फोन वरच्या खिशात ठेवून काम करत होतो.

फोन वाजला तेव्हा मी यंत्रापाशी उभा राहून मसाला चाळत होतो. तसाच धावत फुटपाथवर आलो.

"बाबा."

"बोल."

"झालं."

"काय झालं? नीट सांग."

"नाव घेतलं माझं. एवढ्या मुलांतून चौघंच राहिलो आम्ही. मशीनवरची पण पास झाले, बाबा."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरून टेम्पो गेला, त्याचा हॉर्न संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "इथूनच बंगळुरूला जायचंय, मेडिकलला. ते झालं की पत्र येईल, मग ट्रेनिंग. घरी मध्ये थोडे दिवस येईन, पण लगेच नाही."

"ये तेव्हा ये," मी म्हटलं. आवाज बरा आला. मग विचारलं, "विचारलं का?"

तिला कळलं. "विचारलं."

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. पाण्याचं पण."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. पुढचा प्रश्न विचारला."

वर्षभर आम्ही दोघं ज्याच्या आजूबाजूने चालत होतो, त्याच्यानंतर पुढचा प्रश्न होता. साधा, दुसऱ्या कशाचा तरी.

"कुठला प्रश्न?" मी विचारलं.

"विमान हवेत राहतं कसं, म्हणाले."

"कसं राहतं?"

"तुम्हाला आत्ता ऐकायचंय?"

"हो."

"पंख पुढून जरासा वर उचललेला असतो. विमान जोरात पुढे जातं तेव्हा तो पंख हवा खाली लोटतो. हवा खाली गेली की ती पंखाला वर लोटते. तेवढंच."

"हवाच?"

"हवाच."

"अख्खं विमान? माणसांसकट?"

"माणसांसकट."

"ओ गावडे," आतून एक बाई ओरडली, "माझी मिरची अर्धी राहिली ना!"

मी हात वर करून तिला थांबायला सांगितलं. फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परत एकदा सांग," मी मेघनाला म्हटलं. "पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून सांगितलं, अजून हळू.