खुंटीवरचा मफलर

घरदुरुस्ती खात्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. भाडेकरूंनी पाठवलेले ओल्या भिंतींचे, गळक्या छतांचे फोटो सॉफ्टवेअरमध्ये घालायचे आणि कुणी हातचलाखी केली आहे का ते शोधायचं, हे तिचं काम. लोकही काही कमी नव्हते. कोरड्या भिंतीवर ओल रंगवायचे, शेजाऱ्याच्या छताची भेग आपल्या छताला चिकटवायचे. शेवटी साहेबांनी वैतागून नियमच काढला: फोटोत फेरफार सापडला, की नाव दुरुस्तीच्या यादीतून वर्षभर बाद. मग तो कुणीही असो.

त्या सकाळी फेरफार सापडला तो भिंगच्या सख्ख्या मावशीच्या फोटोत.

मावशीच्या पलंगाच्या उशाशी पाणी ठिबकतं, हे भिंगला चांगलं ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात तिनं स्वतः तिथली बादली रिकामी केली होती. पण सॉफ्टवेअरनं भिंतीच्या मधोमध लाल चौकोन काढला. तिथला ओलीचा डाग म्हणजे शेजारच्या डागाची हुबेहूब नक्कल होती. डाग उचलून कशावर तरी पांघरला होता.

तिनं फोन लावला. “मावशी, फोटोत काही पुसलंस का गं?”

“मी? मला मेलीला फोनची घंटा बंद करता येत नाही!” मावशी म्हणाली, आणि लगेच, “ठेवते हं, दूध उतू जातंय.”

मावशीच्या घरी दूध येतच नसे. ती जन्मभर कोरा चहा पीत आली होती.

खोटा अहवाल तिच्या हातून लिहिला गेला नसता, आणि खरा लिहावा तर मावशी वर्षभर बादलीला सोबत करणार. तिनं एक शेवटचा उपाय केला. कॅमेरा फोटो काढताना त्याची नखाएवढी प्रत फाईलमध्येच ठेवून देतो. वरचा फोटो बदलला तरी कधीकधी ती जुनीच राहते. ही राहिली होती.

प्रतीत भिंतीवर खुंटी होती आणि खुंटीवर मफलर. हिरव्या चौकटींचा, एका टोकाला इस्त्रीनं जळल्याचा डाग असलेला.

भिंगनं हळूच मान वर केली. काचेपलीकडे साहेब बसले होते. भर उन्हाळ्यातही मफलर न सोडणाऱ्या साहेबांचा गळा दोन दिवस उघडा होता, आणि ते सारखे खोकत होते.

तिला आधी हसू फुटलं, मग भरून आलं. अकरा वर्षं मावशी एकटी होती. अलीकडे तिनं पडदे बदलले होते, वाढदिवसालाही न वापरलेले कप खाली काढले होते. भिंगला वाटलं होतं, ते आपल्यासाठी.

अहवालाचा कागद घेऊन, चेहरा कोरा ठेवून ती आत गेली. “साहेब, फेरफार सापडलाय. नाव बाद करू ना?”

साहेबांनी पत्ता वाचला. खोकला जागच्या जागी थांबला. “ओल तर खरी दिसते. राईचा पर्वत कशाला करायचा?”

“नियम तुमचाच आहे, साहेब. आणि काय पुसलं, तेही लिहावं लागेल. एक मफलर. टोकाला इस्त्रीचा डाग.”

साहेबांचे कान लालबुंद झाले. “त्यांचा यात काही दोष नाही. मी पुसला. फोटो तुमच्याच हाती येणार, म्हणून घाबरलो.”

“मग निदान नीट तरी पुसायचा, साहेब! इतकी वर्षं लोकांच्या चोऱ्या पकडता, काहीच शिकला नाहीत?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी अहवाल ओढून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘फेरफार अर्जदाराने केलेला नाही, मी केला आहे. कारवाई माझ्यावर व्हावी. अर्ज नव्या फोटोसह घ्यावा.’ खाली सही ठोकली आणि कागद वरिष्ठांकडे पाठवायला दिला. ते वाचून तिनं कागद दोन्ही हातांनी उचलला.

दुपारी वरिष्ठांची मंजुरी आली, सोबत साहेबांना लेखी समजही. चार वाजता मावशीचा नवा फोटो आला. ओल, खुंटी, खुंटीवर मफलर. सॉफ्टवेअरला कुठेही खोट सापडली नाही.

निघताना ती केबिनच्या दारात थांबली. “आता साहेब म्हणायचं की काका?”

“ऑफिसात साहेबच.” ते खोकले, फाईल उगाच सरळ केली. “रविवारी मावशीकडे ये, मीही असेन. मफलर तेवढा खुंटीवरच राहू दे.”