दोरा खाणारं पोर

शिंप्याच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिलाई मशिनं भिंतीला सरकवली होती. कापड बेतायच्या टेबलावर अकरा दिवसांचं बाळ ठेवलं होतं आणि शेजारी शेगडीत लोखंडी सळई लालभडक होत होती.

"बघा रे, डोळे उघडून बघा!" दोरेबाबा गरजला. त्याने पांढरा, घट्ट पिळाचा सुती दोरा बाळाच्या कपाळावरून या कानापासून त्या कानापर्यंत धरला, मापात कापला, मंतरलेल्या पाण्यात बुडवून पुन्हा तिथेच ठेवला. दोरा चांगला नखभर आखूड!

"पोर दोरा खातंय! हे माणसाचं तोंडच नव्हे. कपाळाला तीन डाग दिले, की आतलं ते पळालंच समजा!"

हे खूळ निघालं कुठून? दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाचा फोटो काढला होता. कॉम्प्युटरने डोळ्यांमधलं अंतर, कानांची उंची, हनुवटी मोजली होती. बाई म्हणाल्या होत्या, "जन्मजात जनुकीय आजाराची शंका आहे. रक्त तपासू, दोन दिवसांनी हृदय बघायला आणा." शिंप्याने ऐकलं एकच, की लेकराच्या तोंडवळ्यात काहीतरी खोट आहे. शिंप्याची आई म्हणाली, "यंत्राला कळतं, मग बाबाला कळणार नाही?" झालं! बाबाचा दोरा आखूड झाला आणि यंत्राचं म्हणणं सिद्ध झालं, असं या शहाण्याला वाटलं.

बायको आडवी आली, तेव्हा त्याने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. तिचा ओठ फाटला. दोन शेजारणींनी तिला भिंतीशी दाबून धरलं होतं. "अहो, तुमचंच लेकरू आहे हो!" ती किंचाळत होती. एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची, याचीच शिंप्याला लाज.

बाबाने सळई उचलली, तोच बाळाला अजून का आणलं नाही हे बघायला आलेल्या डॉक्टरबाई गर्दीतून आत घुसल्या आणि बाळावर आडव्या झाल्या. कुणीतरी दगड भिरकावला. बाईंच्या कपाळातून रक्त आलं. शिंप्याने कापड मोजायचा लाकडी गज उचलून त्यांच्या दंडावर हाणला.

"तोंड मोजायला तुम्हीच सुरुवात केलीत ना!"

"केली. हवं तर आणखी मारा," त्या दात आवळून म्हणाल्या. "पण आधी याच दोऱ्याने बाबाचं कपाळ मोजा."

बाबा चपापला. "मला दोरा लावाल तर हात झडतील!"

"झडू देत मेले!" बायकोने हिसका मारून स्वतःला सोडवलं आणि दोऱ्याचं रीळ नवऱ्याच्या अंगावर फेकलं. "जगाची मापं घेता ना? घ्या याचं!"

गर्दीतल्या दोघांनी बाबाला धरलं. शिंप्याने मोजलं, कापलं, भिजवलं, पुन्हा धरलं. आखूड! मग स्वतःचं कपाळ मोजलं. आखूड. टेबलाची कड मोजली. बिचारं टेबलही दोरा खायला लागलं.

"मास्तर, सुती कापड बेतण्याआधी तुम्ही भिजवता कशाला?" बाईंनी विचारलं.

"आटतं म्हणून..." म्हणता म्हणता त्याची नजर हातातल्या दोऱ्यावर गेली. पिळाचा सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि लांबीला आटतो. आयुष्य सुतात गेलेल्या माणसाला हे दिसलं नाही, कारण तो दोरा बाबाच्या हातात होता.

आता तीच गर्दी बाबावर तुटून पडली. लाथा, बुक्क्या. "थांबा!" बाई ओरडल्या. "पोलीस बघतील त्याचं. तुम्हाला नुसतं मारायला कुणीतरी हवं असतं का?"

शिंप्याची आई पुटपुटली, "मग तुमचं यंत्र तरी खरं कशावरून?"

"एकट्या यंत्रावर मीही विश्वास ठेवत नाही. ते चुकतं, म्हणून रक्त तपासलं. आज अहवाल आला, शंका खरी निघाली. या आजारात हृदयाची झडप बऱ्याचदा अरुंद असते. ओठ निळे पडलेत बाळाचे. चला, लवकर!"

शिंप्याने बाळाला घ्यायला हात पुढे केले. बायकोने ते ढकलून दिले. "शेगडी तुम्ही पेटवलीत. मागे व्हा."

डॉक्टरांनी झडप वेळेत उघडली आणि पोर वाचलं. आजार जन्माचा आहे, पण उपचार आहेत. शिंपी रोज दवाखान्यात येतो आणि बाहेरच्या बाकावर बसतो. अजून बायकोने त्याच्याकडे बाळ दिलेलं नाही.

तेव्हा मंडळी, कुणीही परीक्षा घ्यायला आलं, की एवढंच विचारा, ही परीक्षा कधी 'नाही' म्हणते का? म्हणत नसेल, तर ती परीक्षा नव्हे. हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. शिंप्याने ते अर्धं मिनिट हात उगारण्याआधी खर्चलं असतं, तर आज तो बाकावर रिकाम्या हातांनी बसला नसता.