वाचता आल्यास नाव कमी करावे

तीस वर्षांत माझ्या तक्त्यात एक चूक निघालेली नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर निवृत्त होईन. आमच्या कार्यालयात सगळ्या सरकारी शाळांचे आकडे येतात. त्यातला एक तक्ता खास माझा, अडचणीतल्या मुलांचा. कुणाला आईबाप नाहीत, कुणाचे कामासाठी दूर गेलेत, कुणी वसतिगृहात वाढतंय, आणि नऊ-दहा वर्षांचं झालं तरी वाचता येत नाही. अशा मुलांसाठी शाळा सुटल्यावर दोन तास जादा वाचनवर्ग असतो. वर्षअखेर त्यातली किती मुलं वाचायला लागली, ते मी मोजते.

त्यातला एक वर्ग माझी नणंद चालवते. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. चाळिशी उलटली तरी धाकटीच.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ती तरातरा आत आली आणि जेवणाच्या टेबलावर एक कागद आपटला.

"वाच, वहिनी. तुला तरी येतं ना वाचता?"

हुकूम आमच्या साहेबांचा होता. सलग पाच वर्षे निकाल शून्य असल्याने वाचनवर्ग मंगळवारपासून बंद. सोबत जोडलेला तक्ता माझा. खाली माझी सही, नेहमीसारखी ठसठशीत.

"शून्य?" धाकटी म्हणाली. "बारा वर्षं मी तिथे काय माशा मारतेय?"

"हे बघ, बंद करा असं मी कुठे लिहिलंय? मी फक्त आकडा दिला. यादीवर अकरा मुलं आहेत, त्यातल्या एकालाही वाचता येत नाही. हे तूच कळवलंस."

"मी कळवलं ते खरंच आहे."

"मग माझंही खरंच आहे."

आमचे हे असल्या वेळी नेमके गच्चीवर झाडांना पाणी घालायला जातात. आमच्याकडे झाडं तीन. पाणी त्या दिवशी पाऊण तास चाललं होतं.

"उद्या येते तुझ्या वर्गात," मी शेवटी म्हटलं. "एकेकाला समोर बसवून वाचायला लावते. एक जरी मूल वाचलं, तरी मी साहेबांकडे जाऊन भांडते. मग तर झालं?"

"ये," ती म्हणाली. "आणि जरा हसून ये. पोरं घाबरतात तुला."

वर्ग म्हणजे शाळेच्या खेळाचं सामान ठेवायची खोली. एका कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, दुसऱ्या कोपऱ्यात पुस्तकं, मध्ये दोन सतरंज्या. दारावर तोच हुकूम चिकटवलेला. मी खुर्चीवर बसले आणि एकेकाला बोलावलं. पहिल्याने "पाणी" हा शब्द बघितला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. दुसऱ्याला पोटात दुखायला लागलं. जिला सगळे भिंगरी म्हणतात ती एक चिमुरडी होती, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. तिच्यापुढे मी "दार उघडं आहे" हे वाक्य धरलं. तिने माझ्याकडे निरागस डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाली, "मांजर."

अकरा मुलं, अकरा वेळा तेच. धाकटीचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नणंदेपुढे खरं ठरण्याचं सुख काय असतं, ते वहिनी झाल्याशिवाय कळायचं नाही.

पर्स उचलून मी दाराशी आले, तर बाहेर एक उंच मुलगी दारावरचा हुकूम मोठ्याने वाचत होती. बाजूला दोन मैत्रिणी. "सलग पाच वर्षे निकाल शून्य असल्याने" हे ती एका दमात वाचून गेली, कुठे अडखळली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही कोण?"

"ही कोण गं?" मी धाकटीला विचारलं.

"माझीच. गेल्या दिवाळीच्या—" धाकटी थांबली आणि बोटं मोजून म्हणाली, "वर्गातून जाऊन आठ महिने झाले. आली तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. या दोघीही माझ्याच."

"मग यादीत का नाहीत?"

धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. "तूच विचारतेस? तुझं पत्रक आहे ना. मुलाला वाचता आल्यास यादीतून नाव तात्काळ कमी करावे. दरवर्षी येतं. मी करते."

पत्रक माझंच. सहा वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, यादी स्वच्छ राहावी म्हणून. गरज असलेलीच मुलं यादीत हवीत, बाकीची गर्दी कशाला? त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रही मिळालंय, दिवाणखान्यात काचेत लावलंय. आणि मार्च महिन्यात मी यादी उघडून विचारायचे, यातल्या कितीजणांना वाचता येतं? येणार कुठून? ज्याला येतं त्याला मीच बाहेर काढलेलं. बरे झालेले सगळे रुग्ण घरी पाठवायचे आणि मग खाटांवर उरलेल्यांकडे बघून म्हणायचं, या दवाखान्यात कुणी बरंच होत नाही!

तिथल्या तिथे सतरंजीवर बसले मी.

"वहिनी? पाणी आणू?"

"पाणी नको, नावं आण. कमी केलेली सगळी नावं. माझ्याकडे एकही नाही, मी पुसून टाकते."

"मी पुसत नाही," धाकटी म्हणाली. "मी नुसती रेघ मारते. पुसवत नाही गं मला."

पाच वर्षांच्या पाच हजेरीवह्या निघाल्या. रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. ह्यांनी चष्मा लावून रेघेखालची नावं मोठ्याने वाचायची, धाकटीने मूल आता कुठल्या शाळेत कितवीत आहे ते सांगायचं, मी लिहायचं. एकही मूल ती विसरली नव्हती. हा आता चित्रं काढतो, हिला गणितात पैकीच्या पैकी, हा अजून बोलताना तोतरं बोलतो पण वाचताना अजिबात नाही. दुपारपर्यंत हिशेब लागला. पाच वर्षांत मुलं आली चौऱ्याहत्तर. वाचायला शिकून बाहेर पडली त्रेसष्ट.

"शंभरातली पंच्याऐंशी," मी म्हटलं.

धाकटीने नाक ओढलं, आणि आमचे हे लगेच झाडांना पाणी घालायला उठले. मी त्यांना हात धरून खाली बसवलं.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी. नवा तक्ता त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे चूक कुणाची, बाई?"

"माझी."

"तीस वर्षांतली पहिली?"

"सापडलेली पहिली."

साहेब हसले, पण लगेच त्यांचा चेहरा पडला. "अहो, ही तुमची पद्धत आपण सगळ्या कार्यालयांना पाठवली होती. आणखी आठ वर्ग याच कारणाने बंद होतायत."

"तेही थांबवा, साहेब. आणि त्या आठही ठिकाणी पत्र मी लिहिते, माझ्या सहीने. माझंच निस्तरायला हवं." ज्या सहीचा तोरा मी मिरवत होते, ती आता आठ ठिकाणी "चुकलं" म्हणून सांगणार होती. साहेबांनी पेन उचललं आणि नऊही वर्ग चालू ठेवण्याचा शेरा मारला. पत्रकावर आडवी रेघ मारायला त्यांनी ते पेन मला दिलं. मी मारली.

संध्याकाळी नवा हुकूम घेऊन मी धावतच वर्गावर गेले. धाकटीने तो वाचला आणि मुलांसमोरच मला मिठी मारली. बावीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदा. मी घाईघाईने मुलांकडे वळले.

"वर्ग बंद होणार नाही," मी जाहीर केलं. "आणि आजपासून वाचता आलं म्हणून कुणाचंही नाव कमी होणार नाही. हवं तितके दिवस या."

मला वाटलं, टाळ्या पडतील. कसल्या टाळ्या नि कसलं काय! अकरा जण एकमेकांकडे बघायला लागले. मग भिंगरी उठली.

"वाचता आलं तरी येऊ द्याल?"

"हो."

"बाईंजवळ बसू द्याल?"

"हो गं बाई."

"नक्की? परवा तुम्ही नाव काढायलाच आला होतात ना?"

"नक्की. नाही काढणार."

तिने कोपऱ्यातलं एक पुस्तक उचललं, मधलंच पान उघडलं आणि वाचायला लागली. धाडधाड. जोडाक्षरांसकट, एक स्वल्पविरामही न सोडता. धाकटीच्या हातातला खडू खाली पडला. भिंगरीचं पान संपतंय तोच खिडकीकडे बघणारा पुढे आला आणि त्याने पुढचं पान वाचलं. मग पोटात दुखणारा. मग आणखी एक. अकरातले चार.

"अगं लबाडांनो!" धाकटी ओरडली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "वर्षभर माझ्यासमोर 'क' ला 'फ' म्हणत होतात! का रे?"

"वाचलं की रेघ मारता तुम्ही," भिंगरी म्हणाली. "मग संध्याकाळी जायचं कुठे? घरी कुणीच नसतं."

माझ्या पत्रकाचा हा अर्थ या पोरांना पहिल्या दिवसापासून कळला होता. इतकी वर्षं मी आकडे मोजले, आणि कुणी मूल इथे राहता यावं म्हणून वाचता न येण्याचं सोंग घेत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाज वाटली मला. चांगलीच वाटली.

भिंगरीने माझी ओढणी ओढली. "ऑफिसच्या बाई, गोष्ट अजून अर्धी राहिलीय. ऐकायला बसता?"

गुडघे कुरकुरत होते, तरी मी सतरंजीवर बसले. तिने पान उलटलं आणि माझ्या अगदी जवळ सरकून पुढे वाचायला लागली.