दुपारी एक ते चार

"न्हाई," मीनाबाई म्हणाल्या. "माझं न्हाईच लिवा."

व्यवस्थापक बाळासोंनी पेन टेबलावर ठेवलं. कसबा बावड्याच्या पुढं, उसाच्या रानाला लागून असलेल्या त्या वृद्धाश्रमात दोन हजार चार साली पुण्याहून पूर्णिमा सिस्टर आल्या होत्या. म्हाताऱ्यांना खाटेला न बांधता सांभाळायची नवी पद्धत त्यांनी दोन दिवस शिकवली आणि शेवटी एक फॉर्म दिला. ही पद्धत स्वीकारायला तुम्ही तयार आहात का? बाकीच्या आठ आयांनी प्रश्न पुरता वाचायच्या आधीच 'हो' करून टाकलं होतं.

"समदी हो म्हणाल्यात. तुमचंच घोडं कुठं अडलंय?"

"त्यास्नी काय, हो म्हणायचं आन् दुपारी परत बांधायचं. उद्या केरबाअण्णा पडलं तर सिस्टर पुण्यात, तुम्ही हापिसात. नोकरी कुणाची जाणार? धोंडुबाईची गेलीच की."

खरंच गेली होती. चार वर्षांपूर्वी एक आजोबा व्हरांड्यात पडले, खुबा मोडला, आणि पाळीवरच्या धोंडुबाईला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. तेव्हापासून दुपारी एक ते चार, आया जेवून जरा पाठ टेकायच्या तेवढा वेळ, ज्यांचा तोल जातो त्यांचे हात खाटेच्या दांडीला बांधलेले असत. मनगटाला काचू नये म्हणून मीनाबाई आपल्या जुन्या सुती लुगड्यांच्या पट्ट्या फाडून आणायच्या. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

तिथंच असलेल्या सिस्टरांनी वाद घातला नाही. "असू दे," त्या म्हणाल्या, "यांनी निदान खरं सांगितलं." आणि दुपारी गाडीत बसून गेल्या. गाडी फाटकाबाहेर पडली आणि हो म्हणणाऱ्यांनी बांधायच्या पट्ट्या पुन्हा बाहेर काढल्या.

मीनाबाईंना मात्र ते डोक्यातून जाईना. आपलंच खरं होतं हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी केरबाअण्णांना बांधलंच नाही. स्टूल घेऊन समोर बसल्या.

केरबाअण्णा कोडोलीचे. जन्मभर गुऱ्हाळात गुळव्या; काहिलीतला रस कधी उतरवायचा ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. आता रोज दुपारी चादर ओली करायचे. यांना काही कळत नाही, असंच सगळ्या आया धरून चालल्या होत्या.

अण्णा बराच वेळ मनगटं चोळत बसले. मग पाय खाली सोडले, भिंतीला धरून उठले आणि चालू लागले. मीनाबाई दोन्ही हात पसरून मागोमाग, जीव मुठीत धरून. अण्णा संडासात गेले, आतून कडी लावली. बाहेर आले ते हात धुऊन, धोतर नीट करत.

"अण्णा, तुम्हास्नी कळतंय व्हय?"

"न कळाय काय झालं?"

"मग रोज खाटंवरच?"

"हात बांधल्यावर जाऊ कुठं?"

"आवं, मग सांगायचं न्हाई?"

"तू भल्यापोटी बांधत हुतीस. पट्टी बी मऊ. तुला काय सांगू?"

मीनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओली चादर ओढताना या माणसाला काय काय सुनावलं होतं, ते सगळं आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाळासोंपुढे उभ्या राहिल्या. "माझ्या पाळीला मी कुणाला बांधणार न्हाई. कोण पडलं तर माझं नाव लिवा."

"मग आता फॉर्मवर हो करू का?"

"ऱ्हाऊ द्या तसंच. भ्या अजून हायच की."

एक वाजता त्या बनाबाईंच्या खाटेशी गेल्या. बनाबाई दोन वर्षांत कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीनाबाईंना बघताच त्या उताण्या झाल्या, लुगडं सारखं केलं आणि दोन्ही मनगटं आपण होऊन बांधायला पुढे केली.

"आजपासनं न्हाई बांधायचं, आज्जी."

हात तसेच पुढे राहिले. मीनाबाईंनी ते आपल्या हातात घेतले आणि खाटेच्या कडेला बसल्या.