फळ्यांखालचा नवरदेव

नवरदेवाला मारायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. नर अजगर पकडायचा, पोटात टिकटिकणारं यंत्र शिवायचं आणि परत दलदलीत सोडायचा. हिवाळ्यात तो मादीच्या वासावर निघतो, आम्ही त्याच्या मागावर. मादी मारायची, त्याला पुढच्या नवरीसाठी जिवंत ठेवायचं. मायामीतल्या हौशी लोकांनी काचेच्या पेटीत पिल्लं पाळली, अंगावर यायला लागली तेव्हा रस्त्याकडेला ओतून दिली. त्यांची घाण आम्ही उपसतोय. ससे संपले, रॅकून संपले. माझ्या लहानपणी संध्याकाळी दलदल नुसती खसफसायची. आता गप्प असते.

त्या जानेवारीत नवरदेवाची टिकटिक बाबांच्या बेटावरून यायला लागली.

माझे बाबा, ऑर्विल, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पार आत, झाडांच्या एका बेटावर खांबांवरच्या लाकडी घरात राहतात. सोबत पर्ल, म्हातारी कुत्री. मी आणि माझी जोडीदारीण रेनी एअरबोट लावून उतरलो तेव्हा ते मासे तळत होते.

"या, सापवाल्या बायांनो! पाहुणा कुठवर आला?"

रेनीनं अँटेना फिरवला. तिचं तोंड उतरलं. "काका, तुमच्या स्टोव्हच्या खाली आहे."

फळ्या उचकटून आम्ही खाली घुसलो. मादी एवढी जाड की दोघी तिच्यावर आडव्या पडलो तरी ती आम्हाला घेऊन सरकत होती. ओढून काढली, संपवली. नवरदेव मागे चिखलात पडून आमच्याकडे बघत होता.

"आता त्यालाही काढा," बाबा म्हणाले.

मी साहेबाला फोन लावला.

"अजिबात हात लावू नका. आसपास अजून माद्या असणार. राहू दे तिथंच."

साहेब एसीत बसणार, आणि माझा बाप त्या फळ्यांवर झोपणार.

"बाबा, थंडी संपेपर्यंत माझ्याकडे चला."

"आणि घर सापाला भाड्यानं देऊ? जा गं, तू तुझी नोकरी सांभाळ."

टोमणा बरोबर लागला. तरी मी नोकरीच सांभाळली. नवरदेवाला खालीच ठेवलं आणि बाबांच्या हातात एक जादा रिसीव्हर दिला. टिकटिक वाढली तर माळ्यावर चढायचं, मला फोन करायचा.

आठवड्याभरात फोन आला. "पर्ल सापडत नाहीये."

आम्ही पोचलो तेव्हा बाबा पायरीवर बसले होते, मांडीवर बंदूक. पायांशी नवरदेव, डोकं उडालेलं, पोट उभं फाडलेलं. आत फक्त यंत्र होतं, छर्‍यांनी चेचलेलं.

रेनी त्या रिकाम्या पोटाकडे बघत राहिली. "काका, यानं नाही खाल्लं तिला."

"दिसतंय मला."

"एवढ्या सगळ्यांत हा एकटाच कुठं आहे ते कळत होतं!" मी ओरडले. "बाकीच्यांकडे हा आम्हाला नेणार होता. आता कशावरून शोधायचं?"

"तुझ्या बापाला आमिष म्हणून ठेवलंस, तेव्हा विचारलंस का हे?"

"बोटीत बसा," मी म्हणाले.

"पर्लला घेतल्याशिवाय नाही. ती कुणाच्या तरी पोटात आहे."

मी रिसीव्हर कानाला लावला. नुसती खरखर. तेवढ्यात घराखाली काहीतरी जड, सावकाश, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत घासत गेलं. उघड्या दारातून दिसलं, स्टोव्हजवळची सैल फळी बोटभर वर आली आणि परत बसली.

बाबा बंदूक घेऊन उठले, आत गेले आणि आतून कडी घातली.