बारा नंबरचा गोठा

कडूबाईनं मोबाईलवर बारा नंबर दाबला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. गोठा रिकामा! एक शेळी नाही, एक करडू नाही. नुसते पत्रे.

पाय मोडल्यापासून ती खाटेवरच होती. गोठा शेताच्या पार टोकाला, म्हणून सुनेनं, धनश्रीनं, तिथं कॅमेरा बसवला होता. मोबाईलवर बारा दाबलं की दुपारच्या उन्हात आत बसलेल्या शेळ्या दिसत. शेजारचं कडब्याचं शेड तेरावर.

तेवढ्यात सुग्रीव पाणी प्यायला आला. वीस वर्षं तिच्या शेळ्या राखणारा माणूस.

"शेळ्या कुटं हायत रं?"

"गोठ्यात. आत्ताच कोंडून आलो."

"खोटं बोलतूस! बारा नंबरावर माज्या डोळ्यानं बघतेय. कुणाला दिल्यास?"

ओसरीवर बसलेला शेजारी राधाकिशन हातातली तंबाखू मळायची थांबला. सुग्रीवनं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"मला चोर म्हनता, आक्का?"

तो गेला. घटकाभरानं धूळ उडाली आणि एक्केचाळीस शेळ्या बें-बें करत अंगणात शिरल्या. कडूबाईनं दोनदा मोजल्या. एकही कमी नव्हती. सुग्रीवनं काठी उंबऱ्यावर आडवी ठेवली. धनगराची काठी मालकाच्या उंबऱ्यावर आली की चाकरी संपली. तो मागं न बघता निघून गेला.

संध्याकाळी धनश्रीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, तो नंबर कायमचा न्हाई. वायफायचा डबा ठरावीक वेळेपुरता नंबर देतो. मुदत सरायच्या आत कॅमेरा आपणहून विचारतो, 'अजून राहू का?' डबा 'राहा' म्हणतो. आज लाईट गेली अन् डबा सगळं विसरला. परत आली तवा कडब्याच्या कॅमेऱ्यानं आधी नंबर मागितला, त्याला बारा मिळाला. तुमी कडब्याचं रिकामं शेड बघितलंत!"

कडूबाईला वडवणीचा बाजार आठवला. तिथं जागा कुणाच्या बापाची नसे. सकाळी दगड ठेवायचा, मधूनमधून येऊन बसायचं. फार वेळ उठलं की दुसरी बसली. एकदा तिच्या जागेवर सत्यशीला बसली होती. एका गिऱ्हाइकानं येऊन तिलाच शिव्या दिल्या, "गेल्या बाजारी सडक्या मिरच्या दिल्यास!" मिरच्या कडूबाईच्या होत्या. ती कडूलिंबाआड उभी राहून गप्प बसली होती. सत्यशीला रडत उठली होती.

"मला धर," ती धनश्रीला म्हणाली.

"डॉक्टरनं पाय टेकू नका म्हणलंय!"

"धर म्हनते ना."

सुग्रीवच्या दारात पोचेपर्यंत तिला घाम फुटला होता. तिनं त्यानं उंबऱ्यावर ठेवलेली काठी पुढं केली.

"आक्का, पाय मोडलाय तुमचा."

"तोंड मोडायला पायजे व्हतं. चुकले मी."

"मग उद्या कोन राखील शेळ्या? बारा नंबर?"

काठी तिनं खाली केली नाही.

शेवटी सुग्रीवनं ती घेतली. तिच्या तोंडाकडे मात्र त्यानं बघितलं नाही.